बंधाऱ्यावरचा आकडा

पत्रक कसं लिहायचं ते मला कुणी शिकवू नये. बाराव्या वर्षापासून मी पत्रकं वाटतेय आणि सोळाव्यापासून लिहितेय. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या फरशीवर बसून शेकड्यांनी घड्या घालता घालता मला एक गोष्ट कळली. पहिल्या ओळीला माणूस थांबला नाही, तर तो कागद पुढच्या कोपऱ्यावर भज्यांखाली जातो. म्हणून पहिली ओळ यमकात लिहायची, दुसरीत प्रश्न टाकायचा आणि तिसरीत थेट ज्याची चूक त्याच्या खुर्चीवर बोट ठेवायचं. एवढं जमलं की बाकी मजकूर आपोआप चालत येतो.

माझ्या एका पत्रकातल्या एका वाक्यानं माझ्या आईची कामाला जायची वाट बंद केली. मी आजवर लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं वाक्य होतं, हे मी आजही सांगते. तरी ते मी लिहायला नको होतं. म्हणजे तसं लिहायला नको होतं. कसं ते सांगते.

आमची वस्ती मुलुंडच्या डोंगराच्या अंगाला आहे. डोक्यावर तलाव आहे. देवानं केलेला नाही, माणसानं केलेला. इंग्रजांच्या काळात ओढ्यावर दगडी बंधारा घातला, पाणी अडवलं आणि शहराकडे नळ सोडले. अजूनही शहराच्या एका तुकड्याला तिथूनच पाणी जातं. बंधाऱ्याच्या या टोकाला आम्ही आणि त्या टोकाला टॉवर. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण आम्ही इतक्या पत्रकांत वापरली की झिजून गेली. पण खरं सांगायचं तर नळ आम्हालाही आलाय. दीड तास का होईना, येतो. तेव्हा ही पाण्याची गोष्ट नाही. हे कळायला मला बराच वेळ लागला, आईला लागला नाही.

आई टॉवरमध्ये चार घरी पोळ्या करते. पहिलं घर साडेसहाचं, कारण त्या घरच्या दोन मुलांची शाळेची बस सातला असते. बंधाऱ्यावरून गेलं तर वीस मिनिटं. रस्त्यानं गेलं तर आधी उतारावरून खाली मेनरोडला यायचं, शेअर रिक्षा भरायची वाट बघायची, डोंगराला वळसा घालायचा आणि पुन्हा चढायचं. पाऊण तास धरा. रिक्षा भरली नाही तर तास. आई आणि वस्तीतल्या अजून दहा जणी, अशा अकरा बायका कित्येक वर्षं बंधाऱ्यावरूनच जात होत्या. तेव्हा वर नुसती मातीची पायवाट होती, दोन्ही बाजूंना गवत होतं आणि कुणाला त्याचं काही पडलेलं नव्हतं.

मग सुशोभीकरण झालं. पेव्हर ब्लॉक आले, चकचकीत स्टीलचे कठडे आले, बाकडी आली, हिरव्या-पिवळ्या रंगाची व्यायामाची यंत्रं आली. टोकाला 'आय लव्ह' आणि पुढे मोठा लाल बदाम. सकाळी सहा ते आठ लोकांना चालायला बंधारा खुला झाला. छान झालं, मी नाही म्हणत नाही. तलाव आहे, वारा आहे, समोर जंगल आहे, लोकांनी चालावंच. पण दोन्ही टोकांना पाटी लागली, तिच्यावर चार नियम. पहिला, ही जागा फक्त चालण्यासाठी व व्यायामासाठी आहे. दुसरा, चपला घालून येऊ नये. तिसरा, पिशव्या, डबे, सामान आणू नये. आणि चौथा, ये-जा करण्यासाठी या मार्गाचा वापर करू नये.

मी ती पाटी तीनदा वाचली. चालायला परवानगी आहे, ये-जा करायला नाही! म्हणजे चाला, पण कुठे पोचू नका. त्या टोकाला जाऊन मागे फिरलात तर तो व्यायाम, आणि त्याच टोकाला उतरून कुणाच्या ओट्यासमोर उभ्या राहिलात तर तो नियमभंग. असली पाटी लिहिणाऱ्याला काय म्हणायचं सांगा.

आणि गंमत म्हणजे पाटी लागली तरी आई रोज बंधाऱ्यावरूनच जात होती.

कशी, ते एके संध्याकाळी कणीक मळता मळता तिनं सांगितलं. बंधाऱ्यावर एक चौकीदार काका होते. मालवणकडचे. वडील गिरणीत होते, गिरणी गेली, आणि काका तरुणपणीच पाणीखात्यात चिकटले ते तलावावरच म्हातारे झाले. त्यांचं मुख्य काम राखण करण्याचं नव्हतंच. बंधाऱ्याच्या पायऱ्यांशी पाण्यात एक उभी पट्टी रोवलेली आहे, तिच्यावर मीटरचे आकडे आणि दर दहा सेंटिमीटरला एक रेघ रंगवलेली. रोज सकाळी सहाच्या आत पाणी कुठल्या रेघेवर आहे ते वाचायचं, वहीत लिहायचं आणि फोन करून वर कळवायचं. कुठल्या भागाला किती पाणी सोडायचं ते त्यावर ठरतं. आणि या काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पट्टी त्यांना दिसत होती, रेघा दिसत नव्हत्या.

"एकदा कठड्याला टेकून डोळे बारीक करून उभे होते," आई म्हणाली. "मला म्हणाले, गे बाय, तो आकडो काय दिसता, बघ गे. मी वाचला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजचंच झालं."

रोजचं म्हणजे असं. आमच्या टोकाला सांडव्याजवळ एक छोटं फाटक आहे. काका पावणेसहाला ते उघडायचे. अकरा जणी आत यायच्या. दहा जणी पुढे जायच्या, आई पायऱ्या उतरून आकडा वाचायची, काका तो लिहायचे, फोन लावायचे. चालायला येणारे सहाला यायच्या आत बायका पलीकडे उतरलेल्या असायच्या.

मी तडकलेच. "म्हणजे तो तुम्हाला मेहेरबानी करून सोडतो?"

"मेहेरबानी कसली? मी आकडा सांगते, ते फाटक उघडतात. फिटंफाट."

"आणि उद्या त्यांची बदली झाली तर?"

"उद्याचं उद्या बघू."

"आई, हक्क असा फाटकातून अंग चोरून घेत नाहीत!"

"मग कसा घेतात वं?" तिनं परात माझ्याकडे सरकवली. "हेलिकॉप्टरमधून? घे, गोळे कर."

आई बुलढाण्याकडची. लग्न होऊन मुंबईत येऊन तिला पंचवीस वर्षं होतील, पण चिडली किंवा टोमणा मारायचा असला की तिकडचं तोंडात येतं.

मी गोळे केले, पण डोकं गरमच राहिलं. आम्ही महाडच्या तळ्याची गोष्ट ऐकत वाढलेली माणसं. पाणी दिसलं आणि त्याच्याभोवती कुंपण दिसलं की आमच्या हातांची ओंजळ आधी होते, विचार नंतर येतो. मी पत्रक लिहायला बसले ती महाडपासूनच. मथळा होता, 'तलाव तुमच्या व्यायामाला, वळसा आमच्या कामाला!' खाली चारही नियम जसेच्या तसे. त्याच्याखाली, एवढी वर्षं ही वाट कुणाची आहे असा सवाल. आणि मग ते वाक्य: 'ज्या बायकांना या बंधाऱ्यावर पाऊल ठेवायला मनाई आहे, त्याच बायका रोज पहाटे या शहराच्या पाण्याची पातळी वाचतात!'

आमच्या संघटनेत आम्ही पाच जण. छपाई बघणारा मित्र ते वाचून उठूनच उभा राहिला. "यार, झकास! हे खाली काय ठेवतेस? वर घे. ठळक कर."

वर घेतलं. ठळक केलं.

आईला दाखवलं नाही. छापून आल्यावर एकदम हातात देऊ म्हटलं. ती खूश होईल असं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? शहराच्या पाण्याचा आकडा माझी आई वाचते, याचा मला भयंकर अभिमान वाटला होता. तो छापावासा वाटला. बस.

रविवारी सकाळी टॉवरच्या गेटवर उभं राहून आम्ही पत्रकं वाटली. कानात इअरफोन घातलेल्या एका गृहस्थांनी पत्रक वाचून माझ्यासमोरच त्याचा फोटो काढला आणि "व्हेरी गुड, बेटा" म्हणाले. मला वाटलं, पोचलं. पोचलंच होतं. संध्याकाळपर्यंत ते त्यांच्या ग्रुपवर फिरलं, सोमवारी पाणीखात्याच्या कार्यालयात गेलं. आणि बुधवारी आई सहा वाजता परत घरात आली.

"फाटकाला नवं कुलूप आहे," ती म्हणाली. "कुठल्यातरी एजन्सीचा निळ्या कपड्यातला माणूस उभा आहे. काका नाहीत." मग चप्पल न काढता उंबऱ्यातच थांबून तिनं विचारलं, "तू काय लिहिलंस?"

मी पत्रक काढून मोठ्यानं वाचून दाखवलं. माझाच आवाज मला तिसऱ्या ओळीपासून नकोसा झाला.

"ते वाक्य काहून टाकलं?"

"खरं आहे ना ते."

"खरं आहे म्हणून तर विचारते." ती वळली आणि उतार उतरून मेनरोडला गेली. त्या दिवशी तिला पहिल्या घरी पोचायला सात वाजले. मुलं बिस्किटं घेऊन शाळेत गेली.

दोन दिवसांत सगळं कळलं. काकांना कार्यालयात बोलावलं, डोळे तपासले, आणि डॉक्टरनं लिहून दिलं की या माणसाला पाच हातांवरची रेघ दिसणं शक्य नाही. मग वह्या काढल्या. न दिसणाऱ्या माणसानं लिहिलेले आकडे! ते खरंच बायका वाचत होत्या यावर कुणी विश्वास ठेवला नाही. त्यांच्यावर ठपका आला की त्यांनी पाण्याची पातळी अंदाजानं भरली. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. ठपका टिकला असता तर नोकरी आणि पेन्शन दोन्हीची वाट लागली असती.

इकडे वस्तीत अकरा बायका पहाटे मेनरोडला रिक्षा शोधत होत्या. नळावर एकीनं मला गाठलं. "काय गं पुढारीण, आता आम्हाला पाठीवर बसवून नेतेस काय पलीकडे?" दुसरी म्हणाली, "नको गं बाई, ती नेता नेता त्याचंपण पत्रक काढेल." सगळ्या हसल्या. मी हंडा उचलून निघाले. आईच्या पहिल्या घरच्या ताईंनी तिला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. वेळेवर येणं जमत नसेल तर दुसरी बाई बघतो म्हणाल्या. साधी गोष्ट, त्यांचंही बरोबर. पण आई ते घर धरून होती ते त्यांच्या थोरल्या मुलाच्या जन्मापासून.

मी काकांच्या घरी भांडुपला गेले. चाळीत पहिल्या मजल्यावर खोली. काका खाटेवर बसले होते, डोळ्यांवर हात धरून दाराकडे बघत.

"कोण ता?"

मी सांगितलं.

"अरे वा! मोठी लेखिका इली आमच्याकडे!" ते आतल्या बाजूला ओरडले. "चाय टाका गो!" मग मला म्हणाले, "वाक्य बरां होतां हां तुझां. माका अक्षरां दिसूक नाय, नातीन वाचून दाखवल्यान. दोनदा."

मला वाटलं होतं ते शिव्या घालतील. मी शिव्या ऐकायच्या तयारीनं गेले होते. शिव्यांना माझ्याकडे उत्तरं असतात. 

"काका, ऑपरेशन का नाही केलंत?"

"डोळ्यात सुई घालतत म्हणे. मी दर्यात उडी मारीन. पण डोळ्यात सुई? नाय गो बाय."

"मी कार्यालयात जाऊन सांगते," मी म्हणाले. मी ठरवूनच आले होते. "सांगते की ते वाक्य मी मनानं रचलं. पत्रक जोरदार व्हावं म्हणून. बायका आकडा वाचत नव्हत्या, तुम्हीच वाचत होतात."

काकांनी डोळ्यांवरचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "डॉक्टरान लिवन दिल्यान, माका दिसणा नाय. तुझ्या आयशीन वाचूक नाय, माका दिसणा नाय. मग ते आकडे मी खंयसून आणलंय? मटक्याच्या अड्ड्यावरसून?"



"आता मी नुसतो आंधळो आसंय," ते म्हणाले. "तू खोटां सांगलंस तर मी आंधळो आणि लबाड दोनय होतलंय."

चहा आला. तो मी अर्धा पिईपर्यंत माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्या वाक्यानं त्यांना घरी बसवलं होतं, तेच वाक्य त्यांना सोडवणार होतं. आई आकडे वाचत होती हे खरं ठरलं, तरच त्यांची वही खरी ठरत होती. मी ते वाक्य मागे घ्यायला आले होते. आता ते सिद्ध करायला पाहिजे होतं, आणि मला ते करता येणार नव्हतं. ते फक्त आईला येणार होतं.

आईला सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं. "किती वाजता?"

"अकराला."

"म्हणजे चारही घरी खाडा." तिनं चारही घरी फोन केले. चौथा फोन ठेवून म्हणाली, "आणि एक ऐक. तिथं महाड काढू नको."

"का? तोच तर मुद्दा आहे!"

"नाही. पाणी आपल्या नळाला येतं. आपण पाणी नाही मागत, वाट मागतोय. जे मागायचं तेच माग."

पत्रकाच्या पहिल्या परिच्छेदावर इतकी स्वच्छ टीका माझ्यावर आजवर कुणी केलेली नाही.

कार्यालय म्हणजे बंधाऱ्याच्या पायथ्याशी पत्र्याची एक खोली. इंजिनिअर मॅडम माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. टेबलावर काकांच्या वह्यांचा गठ्ठा आणि सगळ्यात वर माझं पत्रक, माझं वाक्य हिरव्या शाईनं अधोरेखित केलेलं. काका कोपऱ्यात स्टुलावर.

"हे तुमचं?" त्यांनी मला विचारलं.

"माझं."

"आणि पातळी वाचणाऱ्या बाई तुम्ही?" त्यांनी आईकडे बघितलं. "तुम्हाला वाचता येतं?"

"तुमच्या पाटीवरचा चौथा नियम म्हणून दाखवू?" आई म्हणाली.

मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला. हसल्या असं मी म्हणणार नाही. "चला मग," म्हणाल्या, "पट्टीवर."

आम्ही चौघं बंधाऱ्यावर चढलो. बघायला गेलं तर तो तलाव सुंदर आहे. आम्ही भांडण्याच्या नादात तो कधी बघतच नाही. वारा होता, पाणी बारीक बारीक हलत पायऱ्यांना लागत होतं. मॅडमनी मोबाईल काढला. सुशोभीकरणात तिथे एक यंत्रही बसवलंय, ते पातळी मोजून मोबाईलवर पाठवतं; अजून चाचणीवर आहे, म्हणून हिशेबाला वहीच धरतात. त्यांनी मोबाईल छातीशी उलटा धरला आणि म्हणाल्या, "सांगा."

मी पुढे घुसले. स्वभाव. "एकोणऐंशी पॉइंट चार," मी म्हणाले. स्पष्ट दिसत होतं.

"थांब," आई म्हणाली. "तू लाटेचा माथा वाचलास. असं नसतं वाचायचं." ती खालच्या पायरीवर उकिडवी बसली. "तीन लाटा जाऊ द्यायच्या. वर येते तेव्हा नाही बघायचं, खाली जाते तेव्हाही नाही. मधलं घ्यायचं." तिनं लाटा जाऊ दिल्या.   काका कान टवकारून उभे. मला तीन लाटा म्हणजे केवढा वेळ असतो ते त्या दिवशी कळलं.

"एकोणऐंशीवर तीन रेघा," आई म्हणाली, "आणि दोन बोटं."

"दोन बोटं म्हणजे किती?"

"माझी दोन बोटं म्हणजे तीन सेंटिमीटर. काकांनी पट्टी लावून मोजलीत."

"पहिल्याच दिवशी मोजलंय," काका म्हणाले.

मॅडमनी मोबाईल सरळ केला. एकोणऐंशी पॉइंट तेहतीस.

खाली येऊन त्यांनी काकांची वही उघडली आणि यंत्र बसल्यापासूनचा एकेक दिवस मोबाईलशी ताडून बघायला लागल्या. पान उलटत होत्या. पंखा गरगरत होता. पाचव्या-सहाव्या पानानंतर त्यांनी बोट फिरवायचा वेग वाढवला, शेवटी वही मिटली.

"बोटभरापेक्षा जास्त फरक कुठेच नाही," त्या म्हणाल्या. "आकडे खरे आहेत."

"आकडे त्यांचेच आहेत," आई म्हणाली. "फक्त डोळे माझे होते."

मॅडम काही देवदूत वगैरे निघाल्या नाहीत. काकांना लेखी ताकीद मिळाली, डोळ्यांचं लपवल्याबद्दल. ऑपरेशन करून या, मग कामावर या, असं सांगितलं. पण अंदाजाचा ठपका निघाला. फाटकाबद्दल मात्र त्या म्हणाल्या की ते नियमात बसत नाही.

"नियम कुणी केला?" मी सुरू झाले. "चालायचं पण पोचायचं नाही, हा नियम कुठल्या—"

आईचा पाय माझ्या पायावर पडला. चांगला जोरात.

मॅडमनी खणातून एक फॉर्म काढला. पहाटे लवकर चालायला येणाऱ्यांसाठी पास असतो, साडेपाचपासूनचा. टॉवरमधल्या लोकांनी मागून घेतलेला. उद्देशापुढे चार चौकोन होते. चालणे, धावणे, योगासने, पक्षीनिरीक्षण. "चालणे यावर खूण करा," त्या हळूच म्हणाल्या, "आणि अकरा फॉर्म भरून द्या. पुढचं मला माहीत नाही."

मी पेन उघडलं. सोप्पं काम होतं. खूण करायची आणि सुटायचं.

"नाही," आई म्हणाली.

"आई, कर ना! चालतेसच की तू."

"चालते. पण व्यायामाला नाही चालत. उद्या एखाद्यानं अडवलं की मी काय, दंड-बैठका काढून दाखवू? मी कामाला जाते. चोरीला नाही जात." तिनं फॉर्म मॅडमकडे सरकवला. "तसं लिहून द्या."

मी पेन हातात धरून बसले. हक्क, दया, फाटक, हेलिकॉप्टर, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. आणि वर, या वेळी पळवाट मी शोधत होते.

मॅडमनी फॉर्म पुन्हा पुढ्यात ओढला. मग चार चौकोनांच्या खाली हातानं पाचवा चौकोन काढला, त्यापुढे 'कामावर जाणे' असं लिहिलं, बाजूला सही केली. तो एक फॉर्म झेरॉक्सला पाठवून त्याच्या दहा प्रती मागवल्या.

"आणि पिशवी?" आई म्हणाली. "तिसरा नियम."

"पिशवीबद्दल मला काही विचारू नका," मॅडम म्हणाल्या, "म्हणजे मला काही सांगावं लागणार नाही."

पास यायला नऊ दिवस लागले. आईचं पहिलं घर टिकलं, महिना संपायला थोडे दिवस होते तेवढ्यात. नळावर मला पाठीवर घ्यायला सांगणाऱ्या बाईंचं एक घर मात्र त्या दिवसांत गेलं ते गेलंच. ते माझ्यामुळे गेलं, आणि हे मी त्यांच्या दारात जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. नंतर दुसरं घर मिळालं, लांबचं. माझ्याशी बोलतात, पण टोमण्याशिवाय नाही. चालेल. टोमणा माझा बनतोच.

आता पत्रक लिहिलं की मी ते छापायच्या आधी ज्याच्या-ज्याच्याबद्दल त्यात आहे त्याच्यासमोर बसून वाचते. संघटनेतले म्हणतात, अशानं धार जाते. काही जात नाही. चौथ्या नियमावरचं नवीन पत्रक मी आईला वाचून दाखवलं, तर तिनं एक वाक्य काढायला लावलं आणि एक घालायला लावलं. घातलेलं जास्त धारदार आहे. तो नियम अजून पाटीवर आहे. अकरा बायका रोज पहाटे खिशात पास घेऊन त्याच्या नाकासमोरून ये-जा करतात, आणि तो पाटीवरून उतरेपर्यंत मी काही त्याला सोडणार नाहीये.

काकांचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. सुई बघितलीच नाही म्हणाले, डोळे मिटून घेतले होते. डोळ्यांच्या ऑपरेशनला डोळे कसे मिटले ते त्यांनाच माहीत. ते कामावर परत आले त्या पहिल्या सकाळी मी मुद्दाम आईबरोबर गेले. फाटक उघडं होतं. काका काळा चष्मा कपाळावर चढवून पायऱ्यांवर उभे होते, मुंज्या मुलासारखे ताठ.

"गे बाय, थांब!" ते आईला म्हणाले. "आज मी सांगतंय. तू आयक." त्यांनी मान पुढे काढली. "ऐंशी! वर दोन रेघो! आणि..." जरा थांबून, "तीन बोटां!"

दहा जणी पुढे गेल्या होत्या त्यासुद्धा थांबल्या. आई खालच्या पायरीवर उकिडवी बसली आणि पट्टीकडे बघत राहिली. एक लाट गेली. दुसरी गेली. तिसरी गेली.

"दोन," ती म्हणाली. "तुम्ही माथा वाचलात."

काकांनी पुन्हा वाकून बघितलं, काहीतरी पुटपुटले, आणि वहीत लिहिलं. काय लिहिलं ते मी बघितलं. दोन.

"चल, उशीर होतोय," आई मला म्हणाली, आणि हातातली पिशवी सावरत पलीकडच्या टोकाकडे चालू लागली.